वलय घडवलेले असते, म्हणून ते खोटे ठरत नाही

२०२३ च्या जानेवारीत ऑस्करची नामांकने जाहीर झाली, तेव्हा मिशेल यो यांची बातमी देताना काही अमेरिकी माध्यमांना शब्दांची बरीच कसरत करावी लागली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळवणाऱ्या ‘पहिल्या आशियाई’ असे सरळ न लिहिता ‘स्वतःला आशियाई म्हणवणाऱ्या पहिल्या’ असे त्यांनी लिहिले. या अडखळण्याचे कारण होती १९११ साली मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’ या चित्रपटासाठी हेच नामांकन तिला मिळाले होते; मात्र आपले आशियाई मूळ तिने लपवून ठेवले होते आणि जन्मस्थान म्हणून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे नाव पुढे केले जात होते. त्यानंतर जी चर्चा झडली ती मर्लपुरती राहिली नाही. एका बाजूचे म्हणणे असे की जुने हॉलिवूड मुळातच असे होते: नावे खोटी, चेहरे खोटे, चरित्रे खोटी, आणि त्या झगमगाटाखाली चिरडलेली माणसे, अशा तारकांना आज डोक्यावर घेणे म्हणजे त्या अन्यायालाच मुजरा करणे होय. दुसऱ्या बाजूने नेहमीचा उसासा आला. ते रूप दैवी होते, तसे चेहरे आता होणे नाही, मग त्याची ही चिरफाड कशासाठी?

मला या दोन्ही बाजू एकाच चुकीच्या पायावर उभ्या दिसतात. वलय हा त्या व्यक्तीच्या चेहऱ्याचा उपजत गुण असतो, असे दोघेही गृहीत धरतात. म्हणून ते घडवलेले आहे असे सिद्ध झाले की एकाला फसवल्यासारखे वाटते आणि दुसऱ्याला ते सिद्धच होऊ द्यायचे नसते. माझे म्हणणे असे आहे की जुन्या हॉलिवूडमधले वलय ही एक घडवलेली वस्तू होती. छायालेखक, रंगभूषाकार, वेशभूषाकार, स्थिर छायाचित्रकार, छायाचित्रांवर हाताने सफाई करणारे रिटचर आणि स्वतः तारका यांच्या हातांनी घडलेली. ती टिकली आहे ती चांगली घडली म्हणून. आणि ती घडवलेली होती हे मान्य केले, तरच ती घडवताना कोणाकडून काय किंमत वसूल केली गेली आणि कोणाला दाराबाहेर उभे केले गेले, हा हिशेब नीट मांडता येतो. कौतुक आणि हिशेब यांतले एकच निवडा, असा आग्रह मला मान्य नाही.

आधी दैवी रूपाचा मुद्दा घेऊ. १९१८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेली मार्गारिता कार्मेन कान्सिनो ही एका स्पॅनिश नर्तकाची मुलगी. काळे केस आणि कपाळावर खाली उतरलेली केसांची रेषा यांमुळे तिच्या वाट्याला ‘परदेशी’ दिसणाऱ्या मुलींच्या किरकोळ भूमिका येत. मग केस रंगवले गेले, विजेच्या सुईने केसांची मुळे जाळून कपाळ मोठे केले गेले, आईचे माहेरचे आडनाव लावले गेले आणि रिटा हेवर्थ ही तारका तयार झाली. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर तांबूस ठिपके होते. जॉर्ज हरेलने टिपलेल्या तिच्या प्रसिद्ध छायाचित्रांत त्यांतला एकही दिसत नाही, कारण निगेटिव्हवर तासन्‌तास डोके खुपसून बसलेल्या रिटचरने ते एकेक करून घालवले. इतकेच काय, चेहरा पडद्यावर कसा दिसायचा हे फिल्मच्या रसायनावरही अवलंबून होते. जुन्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे ओठ काळेठिक्कर उमटत आणि निळे डोळे पांढुरके पडत. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म रुळली, तिच्यासाठी मॅक्स फॅक्टरने वेगळी रंगभूषा तयार केली, आणि आपण ज्याला ‘त्या काळचा चेहरा’ म्हणतो तो चेहरा त्यानंतर शक्य झाला. ‘असे चेहरे आता होणे नाही’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढे तरी मानावे की तसे चेहरे तेव्हाही आपोआप होत नव्हते.

एखादा चेहरा घडतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहायचे असेल तर ‘शांघाय एक्सप्रेस’ हा १९३२ चा चित्रपट पाहावा. दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग, छायालेखक ली गार्म्झ. या कामासाठी गार्म्झला ऑस्कर मिळाले. त्यात एका क्षणी मार्लेन डीट्रिश रेल्वेच्या अंधाऱ्या डब्यात दाराला टेकून उभी राहते. हातात सिगारेट आहे आणि तो हात किंचित थरथरतो आहे. ती मान वर करते आणि वरून येणारा एकुलता प्रकाश तिच्या कपाळावर, गालाच्या हाडांवर आणि पापण्यांवर उतरतो. मुख्य दिवा चेहऱ्याच्या समोर पण बराच उंच ठेवला की नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते आणि गालांखाली खळगे उमटतात. गोल चेहरा त्यामुळे रेखीव दिसू लागतो. मी हा प्रसंग अनेकदा थांबवून पाहिला आहे. दिवा कुठे आहे हे कळल्यावर त्या चेहऱ्याची मोहिनी कमी होईल असे मला आधी वाटले होते. उलट ती वाढली. कारण त्या प्रकाशात नेमके कुठे थांबायचे, हनुवटी किती वर न्यायची आणि हात किती थरथरू द्यायचा, हे दिव्याला माहीत नसते. ते तिला माहीत होते. स्टर्नबर्गबरोबर सात चित्रपट करताना ती ही विद्या इतकी शिकली की पुढे १९५०च्या ‘स्टेज फ्राइट’च्या वेळी हिचकॉकसारख्या काटेकोर दिग्दर्शकाने तिला तिची प्रकाशयोजना स्वतः ठरवू दिली.

मग हे खोटे आहे का? पैठणीवरचा मोर करवंदासारखा झुडपावर उगवला नाही, तो कोणीतरी महिनोन्‌महिने बसून विणला, म्हणून पैठणी खोटी ठरते का? इंग्लंडची पहिली एलिझाबेथ साठीच्या पुढे गेल्यावरही चित्रकार तिला तरुण रंगवत राहिले, कारण राणीच्या चेहऱ्याचा मंजूर नमुना ठरलेला होता आणि त्यावरूनच चित्रे काढली जात. दरबारातल्या माणसांना राणीचे खरे वय ठाऊक नव्हते असे नाही. ते चित्र वयाचा दाखला म्हणून पाहायचे नसते, हेही त्यांना ठाऊक होते. चारशे वर्षांनंतर आपण ती चित्रे संग्रहालयात पाहतो, त्यांमागचे राजकारण वाचतो आणि मोत्यांवरचे काम पाहून थक्कही होतो. तिथे कोणी आपल्याला भोळसट म्हणत नाही. सिनेमाच्या बाबतीत मात्र आपण गोंधळतो, कारण कॅमेरा यंत्र आहे आणि यंत्र जे दिसते तेच टिपते, अशी आपली समजूत अजून पुरती गेलेली नाही.

आता टीकाकारांची सर्वांत भक्कम बाजू. ती मी कोणतीही काटछाट न करता मान्य करतो. स्टुडिओचा करार साधारण सात वर्षांचा असे. भूमिका नाकारली तर कलाकाराला बिनपगारी निलंबित केले जाई आणि निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. म्हणजे सात वर्षे कधी संपतील हे मालकाच्या हाती. कलाकाराला दुसऱ्या स्टुडिओला उसना देता येई. ज्युडी गार्लंडला किशोरवयातच वजन कमी ठेवण्यासाठी आणि कामाचे तास रेटण्यासाठी गोळ्या दिल्या गेल्या, त्या तिच्या आयुष्यातून कधी गेल्याच नाहीत. १९६९ मध्ये लंडनमध्ये ती वारली तेव्हा ४७ वर्षांची होती. कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅक्डॅनियलला १९४० मध्ये ऑस्कर मिळाले, परंतु त्या समारंभात आपल्या सहकलाकारांच्या टेबलाशी तिला बसता आले नाही. भिंतीजवळच्या वेगळ्या टेबलावरून उठून तिला ते स्वीकारावे लागले. हे सारे त्या वलयाच्या बाहेर घडलेले अपघात नव्हते, ते वलय निर्माण करणाऱ्या व्यवस्थेचेच हे नियम होते. जे रसिक हा भाग वगळून केवळ रेशमी झगे आणि धूसर छायाचित्रे यांत रमतात, त्यांच्याविषयी टीकाकारांना येणारा राग मला रास्त वाटतो.

परंतु यापुढचे त्यांचे पाऊल मला पटत नाही. या बायका केवळ बळी होत्या, त्यांना घडवणारे दुसरेच कोणी होते, असे म्हणताच आपण त्यांच्या हातून त्यांचे काम दुसऱ्यांदा काढून घेतो. नॉर्मा शिअररचा पती अर्व्हिंग थालबर्ग हा एमजीएम स्टुडिओचा निर्मितिप्रमुख. ‘द डिव्होर्सी’ या चित्रपटाची नायिका म्हणून तो तिचा विचारही करत नव्हता. तिने हरेलच्या स्टुडिओत जाऊन स्वतःची छायाचित्रे काढून घेतली, ती नवऱ्यापुढे ठेवली, भूमिका मिळवली आणि तिच्यासाठी ऑस्करही मिळवले. इथे वलय कोणी कोणावर लादले? बेटी डेव्हिस १९३६ मध्ये कराराच्या वादातून वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओशी लंडनच्या न्यायालयात लढली आणि हरली. ऑलिव्हिया डी हॅविलंडने काही वर्षांनी तोच झगडा कॅलिफोर्नियात लढला आणि डिसेंबर १९४४ मध्ये जिंकला. सात वर्षे म्हणजे कॅलेंडरची सात वर्षे, निलंबनाचे दिवस त्यात वाढवता येणार नाहीत, हा निर्णय कायद्याच्या जगात तिच्याच नावाने ओळखला जातो. या लढाईपायी तिला दीर्घकाळ घरी बसावे लागले. त्यानंतर तिने दोन ऑस्कर मिळवली. आपल्याकडेही याच सुमारास, १९३९ मध्ये, शांता आपटे यांनी कराराच्या वादातून पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले होते आणि पुढच्याच वर्षी चित्रसृष्टीतल्या व्यवहाराविषयी रोखठोक पुस्तकही लिहिले होते. या स्त्रियांना आपल्या प्रतिमेची किंमत कळत होती, म्हणूनच त्या तिच्यासाठी भांडल्या. ज्या प्रतिमेला कवडीचेही मोल नाही असे आपण आज म्हणू पाहतो, तिच्यासाठी त्यांनी आपली उमेदीची वर्षे पणाला लावली होती.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे आणि तो ऐकायला फार सयुक्तिक वाटतो. यांचे वलय टिकले ते पैशामुळे. तेव्हा स्टुडिओंनी जाहिरातीवर पैसा ओतला, आज त्यांच्या नावांचे आणि छायाचित्रांचे हक्कदार ओततात. २०२२ मध्ये अँडी वॉरहॉलने रंगवलेले मॅरिलिन मन्रोचे चित्र सुमारे साडेएकोणीस कोटी डॉलरना विकले गेले. अशा बाजारात आवड कोणती आणि उलाढाल कोणती, हे सांगणे अवघड आहे, हे खरेच. तरीही पैशाने वलय विकत मिळते हा सिद्धांत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. निर्माता सॅम्युएल गोल्डविनने १९३०च्या दशकात ॲना स्टेन ही अभिनेत्री युरोपातून आणली, तिला इंग्रजी शिकवले, वर्षभराहून अधिक काळ नवी ग्रेटा गार्बो म्हणून तिची जाहिरात केली. प्रेक्षकांनी तिला स्वीकारले नाही, आणि आज चित्रपट-इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे तिचे नाव कोणाला आठवत नाही. स्त्री देखणी होती, कारागीर उत्तम होते, पैसा तर अमाप होता.

उलट बाजूने पाहा. मे १९३८ मध्ये अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटगृहमालकांच्या संघटनेने एक जाहिरात छापून काही कलाकारांना गल्लापेटीचे विष ठरवले. त्यांत कोण होते? ग्रेटा गार्बो, मार्लेन डीट्रिश, जोन क्रॉफर्ड, कॅथरीन हेपबर्न. त्या काळी प्रदर्शकांच्या पाहणीत सलग चार वर्षे पहिल्या क्रमांकावर होती ती लहानगी शर्ली टेंपल. शर्लीची गोडी मी नाकारत नाही. पण आज एखाद्या मुलीच्या खोलीच्या भिंतीवर, छायाचित्रणाच्या वर्गात किंवा वेशभूषेच्या अभ्यासक्रमात कोणाचे चेहरे भेटतात? ज्यांना त्यांच्याच काळातल्या बाजाराने निकालात काढले होते, त्यांचे. केवळ तिकीटविक्री आणि जाहिरात हीच वलयाची मुळे असती, तर हे झाड १९३८ मध्येच वाळायला हवे होते.

काळाच्या चाळणीचा मुद्दाही कधीकधी मांडला जातो: शेकडो करारबद्ध मुली विस्मरणात गेल्या, उरलेल्या मूठभर चेहऱ्यांवरून आपण त्या काळाला सुवर्णकाळ म्हणतो. मान्य. काव्याचे, नाटकाचे, संगीताचेही तेच होते, आणि चाळणीतून काय उरले याला अर्थ नसतो असे तिथे कोणी म्हणत नाही.

या चर्चेत मला खरे महत्त्वाचे वाटते ते अंतर. जुन्या तारका दूर होत्या, म्हणून मोठ्या वाटल्या. आजचा कलाकार सकाळी काय न्याहारी करतो हेही फोनवर दिसते, म्हणून त्याचे वलय विरते, असे वारंवार सांगितले जाते. यात तथ्य आहे, मात्र केवळ न दिसण्याने कोणी मोठे होत नाही. न सांगितलेले असे काहीतरी चेहऱ्यात उरावे लागते. १९३३ च्या ‘क्वीन क्रिस्टिना’चा शेवट आठवा. राज्य सोडलेली, प्रियकर गमावलेली राणी जहाजाच्या टोकाशी उभी आहे आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यापर्यंत येऊन थांबतो. दिग्दर्शक रुबेन मामुलियनने गार्बोला सांगितले होते की मनात काहीही आणू नकोस, चेहरा कोरा ठेव. तिने पापणीही न हलवता तसेच केले, आणि तिचे बहुतेक चित्रपट टिपणाऱ्या विल्यम डॅनियल्सने ते टिपले. त्या कोऱ्या चेहऱ्यावर कोणाला शोक दिसतो, कोणाला सुटका, कोणाला निर्धार. आपल्याला काय वाटावे हे तिने ठरवून दिले नाही. आजच्या पडद्यावर गुणी चेहऱ्यांची वाण आहे असे मला मुळीच वाटत नाही. एका चेहऱ्यासाठी तासभर दिवा हलवत बसण्याची सवड आणि प्रेक्षकावर एवढे सोपवण्याची हिंमत मात्र दुर्मिळ झाली आहे. गार्बो १९४१ नंतर पडद्यावर पुन्हा आली नाही आणि १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारली. जवळजवळ अर्धशतकाचे तिचे मौन त्या शेवटच्या दृश्याशी इतके सुसंगत आहे की दोन्ही वेगळी करता येत नाहीत.

राहिला वर्णाचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत कठीण आहे. हे सौंदर्य गोऱ्या कातडीचे सौंदर्य होते, त्याचे कौतुक म्हणजे त्या मापाचेच कौतुक, असा आक्षेप आहे. पुन्हा ‘शांघाय एक्सप्रेस’कडे जाऊ. त्याच गाडीत, त्याच डब्यात डीट्रिशबरोबर ॲना मे वाँग आहे. लॉस एंजलिसमध्येच १९०५ साली जन्मलेली चिनी-अमेरिकी अभिनेत्री. गार्म्झचा प्रकाश तिच्याही चेहऱ्यावर पडतो, आणि तिच्या नजरेतला थंड ठामपणा डीट्रिशच्या तसूभरही मागे नाही. मग पाच वर्षांनी ‘द गुड अर्थ’मधल्या चिनी नायिकेची भूमिका वाँगऐवजी, रंगभूषेने चिनी बनवलेल्या लुईझ रायनरला का मिळाली? नायकाची भूमिका करणारा नट गोरा होता. पडद्यावर काय दाखवायचे यावर बंधने घालणाऱ्या निर्मिती संहितेनुसार वेगळ्या वंशांची जोडी पडद्यावर चालवून घेतली जात नव्हती. वाँगला देऊ केली गेली ती खलप्रवृत्तीच्या स्त्रीची भूमिका, जी तिने नाकारली. रायनरला ऑस्कर मिळाले. दिवा, भिंग आणि फिल्म यांनी वाँगला नाकारले नव्हते. नाकारले ते कागदावरच्या नियमाने आणि करार करणाऱ्या माणसांनी. म्हणून तो अन्याय दाखवायचा असेल तर वाँगचे वलय खरे होते हे आधी मान्य करावे लागते. वलय म्हणजे निव्वळ थोतांड असे ठरवले, तर तिच्याकडून काय हिरावून घेतले गेले हे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि मर्ल ओबेरॉन. तिच्यावर खोटेपणाचा ठपका ठेवणाऱ्यांनी त्या काळचे कायदे उघडून पाहावेत. अमेरिकेने १९१७ मध्ये भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी घातली होती आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले होते. ते दार १९४६ पर्यंत बंदच राहिले. खरे बोलली असती तर तिच्या वाट्याला काय आले असते, ते वाँगच्या उदाहरणावरून दिसतेच. म्हणून तिने जे केले ते निर्दोष ठरते असे मी म्हणणार नाही. आई म्हणून जिने तिला वाढवले त्या सावळ्या शार्लटला पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरावे लागे, असे तिच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. शार्लटच्या मृत्यूनंतर मर्लने तिचे चित्र काढून घेतले आणि त्यातही तिचा वर्ण उजळवून घेतला. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येते. त्या एका रंगवलेल्या चेहऱ्यात त्या सबंध व्यवस्थेची वसुली दिसते.

पण त्याच मर्लच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे. १९३७ मध्ये लंडनमध्ये मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर जखमा झाल्या आणि त्यांचे व्रण राहिले. १९४४ च्या ‘द लॉजर’ या चित्रपटाच्या वेळी छायालेखक ल्युसियन बॅलार्डने एक छोटा दिवा थेट कॅमेऱ्यावर, भिंगालगत बसवला. समोरून सरळ येणाऱ्या त्या मऊ प्रकाशात व्रणाच्या कडेला सावलीच पडत नसे. व्रण पुसले जात आणि डोळ्यांत एक बारीक चमक उतरे. पुढच्या वर्षी मर्ल आणि बॅलार्ड यांनी लग्न केले, ते चार-पाच वर्षांत मोडले. दिवा मात्र राहिला. आजही कॅमेऱ्यावर बसवलेल्या त्या दिव्याला छायालेखक ‘ओबी’ म्हणतात.